शाळेत गिरिभ्रमण मंडळ सुरू करा: इंदूरच्या मराठी शाळाचालकांना खुलं पत्र

प्रति,
इंदूरमधल्या मराठी संस्थांच्या शाळांची संचालक मंडळं, मुख्याध्यापक आणि शिक्षक

विषय: शाळांमध्ये वर्षभर चालणारी गिरिभ्रमण मंडळं सुरू करण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

पावसाळा लागला की काय होतं ते आपल्या सगळ्यांना पाठ आहे. तिंछा, पातालपाणी, हत्यारी खोह, मेहंदी कुंड, इंदूरजवळच्या या धबधब्यांपैकी कुठून तरी बातमी येते. कॉलेजातली नाहीतर नुकतीच बारावी झालेली पोरं, सेल्फी, एकाचा पाय घसरला, दुसरा वाचवायला गेला. मग प्रशासन धबधब्यांवर बंदी घालतं, शाळांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘पालकांना नम्र विनंती’ येते आणि गणपती बसेपर्यंत सगळे सगळं विसरतात.

बंदी चूक आहे असं माझं म्हणणं नाही. भर पावसात तिंछाच्या काठावर गर्दी होऊ न देणं हे प्रशासनाचं कामच आहे. पण त्या काठावर उभा असलेला सतरा-अठरा वर्षांचा मुलगा आधीची दहा-बारा वर्षं आपल्याच कुठल्या तरी शाळेत होता ना? ओल्या, शेवाळलेल्या काळ्या दगडावर पाऊल कसं टाकायचं, वर पाऊस झाला की खाली पाणी किती पटकन चढतं, बाइक लावली तिथवर उजेडात परतायचं तर किती वाजता निघायला हवं, यातलं काही त्याला कुणी सांगितलेलं नसतं. सहल मात्र दरवर्षी झालेली असते.

आणि सहल म्हणजे काय, तेही आपण जाणतो. दोन-तीन बस भरून मुलं, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके शिक्षक, सकाळी पोहे-जलेबी, वाटेत अंताक्षरी, उतरल्यावर ‘सब लाइन में चलो’, फोटो, जेवण, परत. माझ्या मुलीच्या शाळेनं (नाव घेत नाही, आणि आपल्याबद्दल आहे असं कुणी मनाला लावून घेऊ नये) एका वर्षी दुसऱ्याच शाळेच्या मुलांच्या अपघाताची बातमी वाचून डोंगराकडची सहल रद्द केली आणि मुलांना वॉटरपार्कला नेलं. परिपत्रकात कारण होतं, ‘सुरक्षिततेच्या दृष्टीने’. मुलं खूश होती, आमच्या घरातलीही. मला मात्र तेव्हाच वाटलं, की ही मुलं डोंगराकडे जाणार ती जाणारच. फक्त आता बरोबर शिक्षक नसतील, मित्र असतील, आणि घरी सांगितलेलं असेल की लायब्ररीत आहोत.

म्हणून माझं मागणं सहलीचं नाहीच. दर महिन्याला ठरलेल्या रविवारी निघणारं, वीस-पंचवीस मुलामुलींचं, त्याच त्या दोन-तीन शिक्षकांबरोबर वर्षभर चालणारं मंडळ हवं. आठवीत आलेलं मूल अकरावीपर्यंत त्यात राहील आणि जाताना नव्या मुलांना सांभाळण्याइतकं तयार झालेलं असेल. एका दिवसाच्या सहलीत आणि यात फरक हा, की मंडळात शिक्षकाला मूल माहीत होतं. कोण घाबरतं, कोण उगाच पुढे पळतं, कोण तहान लागली तरी बोलत नाही, हे बसमधल्या दीडशे मुलांबद्दल कुणालाच कळत नाही.

आता जागेचं. उन्हाळ्याच्या सुटीत आपली मुलं पुण्याला मावशीकडे जातात, सिंहगड चढून पिठलं-भाकरी खाऊन येतात आणि इथे येऊन सांगतात, ‘आपल्या इंदूरला असलं काही नाही.’ शिवजयंतीला तीच मुलं स्टेजवर पोवाडा म्हणतात, आणि आपण कौतुकानं व्हिडिओ काढतो. पण इंदूरहून दक्षिणेला तासभर गेलं की माळव्याचं पठार संपतं आणि विंध्याचा कडा सरळ निमाडात उतरतो, हे त्यांनी पाहिलेलंच नसतं. जाम घाटातल्या अहिल्याबाईंच्या दरवाज्यावर (तो 1791 मधला) उभं राहिलं की खाली नर्मदेचं खोरं पसरलेलं दिसतं. महेश्वराहून वर इंदूरकडे यायला हीच वाट का धरली, दरवाजा नेमका इथेच का बांधला, हे तिथे उभ्या असलेल्या मुलाला वेगळं समजवावं लागत नाही. आता तिथे गाड्या लावून मॅगी खायची पद्धत पडली आहे. असो.

जानापावचं तर विचारूच नका. साडेआठशे मीटरच्या वरचा हा डोंगर, परशुरामाचं जन्मस्थान म्हणून आपल्याला माहीत, कार्तिकी पौर्णिमेची जत्रा माहीत. गाडीरस्ता वरपर्यंत गेलाय, म्हणून चढून कुणी जात नाही. पायवाटेनं गेलं तर भूगोलाचा अख्खा धडा पायाखाली येतो. चंबळ इथे उगम पावते, यमुनेला मिळते आणि पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जातं. त्याच डोंगराच्या दुसऱ्या अंगाला पडलेला पाऊस नर्मदेला मिळून अरबी समुद्रात. ‘जलविभाजक’ हा शब्द दहावीचं मूल परीक्षेपुरता घोकतं. वर उभं राहून बाटलीतलं थोडं पाणी इकडे, थोडं तिकडे ओतून दाखवा, पुन्हा विसरणार नाही. शिवाय पायाखालचा तो काळा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. पुस्तकात ‘दख्खनचं पठार’ म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर महाराष्ट्राचा नकाशा येतो. त्याच लाव्ह्यावर आपण इंदुरात राहतो, हे शिकवणाऱ्यांच्याही बऱ्याचदा लक्षात नसतं.

सुरुवात मात्र जानापावनं करू नये. पहिले तीन-चार महिने राळामंडळ पुरे. शहराला लागून, 1989 पासूनचं अभयारण्य, वर होळकरांची शिकारकोठी, चढ असा की धाप लागेल पण कुणी रडणार नाही. तिथे चालण्याची शिस्त लावता येते. पुढे एक जण, सगळ्यांत मागे एक जण; पुढच्याला कुणी ओलांडायचं नाही आणि मागच्याच्या मागे कुणी राहायचं नाही. थांबलो की मुलांनीच आपापला नंबर पुकारायचा. ज्याचा नंबर आला नाही त्याच्या नावानं ओरडण्याआधी सगळ्यांनी गप्प व्हायचं. शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात, आणि ती वाजवायची नाही. संकटात मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. उत्तर तीन शिट्ट्यांचं. ही खूण जगात बऱ्याच ठिकाणी चालते. मुलांना हे शिकवायला पाच मिनिटं लागतात आणि विनाकारण शिट्टी न वाजवायला शिकवायला सहा महिने.

आमच्या कॉलनीतल्या मुलांना मी कधीकधी चोरलच्या बाजूला घेऊन जाते. तिथे ओढ्याशी बसलो की पहिलं काम एकच. एका मुलानं वाळलेली काठी शोधायची आणि पाणी जिथे संपतं बरोबर तिथे रोवायची. मग डबे उघडायचे. पराठा-लोणचं, चिवडा, कुणाचा तरी थंडगार साबुदाणा. मधेच कुणी तरी उठून काठी बघून येतं. एकदा सप्टेंबर अखेरीला, वर निळं आभाळ असताना, एक मुलगी परत येऊन म्हणाली, ‘काकू, काठी पाण्यात गेली.’ चार बोटंच गेली होती. पाणी थोडं गढूळ झालं होतं, वरून पानं-काड्या वाहत येत होत्या. डबे तसेच उचलून आम्ही वर चढलो. पुढे फार काही झालं नाही, पाणी गुडघाभर वाढलं आणि तासाभरात ओसरलं. पण 2011 च्या जुलैत पातालपाणीला लोंढ्यात सापडलेल्या कुटुंबाचं चित्रण सगळ्या देशानं पाहिलं होतं, आणि तिथेही पाणी वरच्या पावसाचंच होतं. त्या मुलीला ते चित्रण दाखवायची गरज मला वाटली नाही.

आपल्या डोंगरात बर्फ नाही, हिमस्खलन नाही. इथे जीव घेणाऱ्या गोष्टी मोजक्या आहेत: पाणी, कड्याची कड, एप्रिल-मेचं ऊन आणि आग्या मोहोळ. शेवटच्याचं नाव सहसा कुणी घेत नाही म्हणून सांगते. कड्यांच्या पोटात ही मोहोळं लटकलेली असतात. खाली कुणी काटक्या पेटवल्या, सेंटचा फवारा मारून आलं किंवा दगड भिरकावला की माश्या उठतात. अशा वेळी पाण्यात उडी मारणं हा सिनेमातला उपाय. तोंड, मान झाकून, शक्य तितकं लांब, झाडीत निघून जायचं असतं. सापही आहेत. दंश झालेला पाय कापायचा नाही, करकचून बांधायचा नाही, मुलाला चालवायचं नाही. पाय स्थिर ठेवून थेट एम.वाय.सारख्या मोठ्या इस्पितळात न्यायचं. 2023 मध्ये महूच्या बाजूला वाघ फिरत होता, म्हणजे वन विभागाला विचारल्याशिवाय कुठे जायचं नाही हेही आलंच.

हे सगळं शिकवणार कोण, हा खरा प्रश्न. माझं उत्तर: निदान एका शिक्षकाला शिकायला पाठवा. दार्जिलिंगची पर्वतारोहण संस्था 1954 पासून आहे, उत्तरकाशीची नेहरू पर्वतारोहण संस्था 1965 पासून, मनालीची आहे. अशा संस्थांतला बेसिक कोर्स साधारण चार आठवड्यांचा असतो. मी लग्नाआधी उत्तरकाशीचा केला. तिथल्या प्रशिक्षकांना ‘उस्ताद’ म्हणतात, आणि उस्तादांचं पहिलं शिक्षण दोराचं नसतं, पाठीवर ओझं घेऊन मुकाट्यानं एका चालीनं चालण्याचं असतं. नंबर लागायला वेळ लागतो, म्हणून नाव आत्ताच नोंदवायला हवं. तेवढ्यानं शिक्षक सर्वज्ञ होत नाही, आणि डोंगर प्रशिक्षितांनाही सोडत नाही. 2022 च्या ऑक्टोबरात द्रौपदी का डांडा शिखरावर हिमस्खलनात उत्तरकाशीच्याच संस्थेचे प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक गेले. पण परत फिरायचा निर्णय कधी घ्यायचा, हे अशा जागी अंगात मुरतं. हिमालय लांब वाटत असेल तर पचमढी आपल्याच राज्यात आहे. भारत स्काउट्स अँड गाइड्सची राष्ट्रीय साहस संस्था तिथे आहे, आणि आपल्या बऱ्याच शाळांत स्काउटचं पथक कागदावर तरी असतंच. ते कागदावरून उठवलं तरी अर्धं काम झालं.

शिक्षक निवडताना एक विनंती. पी.टी.च्या सरांनी रागावू नये, पण हे काम आपोआप त्यांच्याच गळ्यात घालू नका. ज्यांना चालायची मनापासून आवड आहे, मग ते भूगोलाचे असोत, चित्रकलेचे असोत, की ऑफिसातले अकाउंटंट असोत, त्यांना द्या. देहरादूनच्या डून स्कूलमध्ये गिर्यारोहण रुजलं ते असंच. गिब्सन, होल्ड्सवर्थ, मार्टिन हे वर्गात शिकवणारे मास्तर, सुटीत मुलांना घेऊन गढवालात जायचे. तिथलेच शिक्षक गुरदयाल सिंग 1951 मध्ये त्रिशूलवर चढले, आणि त्याच शाळेत शिकलेले नंदू जयाल पुढे दार्जिलिंगच्या संस्थेचे पहिले प्राचार्य झाले. आवड असलेले मास्तर होते आणि शाळेनं त्यांना अडवलं नाही, एवढंच.

‘ती श्रीमंतांची शाळा’ असं कुणी म्हणेल. म्हणून दुसरं उदाहरण. मालावत पूर्णा ही तेलंगणातल्या समाजकल्याण खात्याच्या निवासी शाळेची विद्यार्थिनी. शाळाचालकांनी मुलांसाठी गिर्यारोहणाचं प्रशिक्षण सुरू केलं, भोंगीरच्या खडकावर ती चढायला शिकली आणि 25 मे 2014 रोजी, चौदा वर्षं पुरी व्हायच्या आधी, एव्हरेस्टवर पोचली. महाराष्ट्रात आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’मधून 2018 मध्ये चंद्रपूरकडच्या आश्रमशाळांची मुलं एव्हरेस्टवर गेली. खरं सांगायचं तर एव्हरेस्टची मला धास्तीच वाटते. एकदा विक्रम आला की फलक येतो, फलकावर कुणाचे तरी फोटो येतात, आणि बाकीची मुलं टाळ्या वाजवायला उरतात. आपल्या मंडळातून कुणी शिखरं गाठली तर आनंदच आहे, पण मंडळ त्यासाठी नको. जे मूल मागे राहतं, ज्याला खेळाच्या तासाला कुणी टीममध्ये घेत नाही, ते डोंगरावर आपल्या चालीनं वर येतं आणि तिथे कुणी त्याला हरवलेलं नसतं. ते मूल मला मंडळात हवं आहे.

मुलींच्या पालकांची काळजी वेगळी असते, तीही मी ओळखून आहे. बचेंद्री पाल एव्हरेस्टवर गेल्या 1984 मध्ये. पण पहिल्यांदा उंच चढल्या त्या बारा वर्षांच्या असताना, शाळेच्या पिकनिकला. आपल्याच राज्यातल्या मेघा परमार आणि भावना डेहरिया 22 मे 2019 ला एव्हरेस्टवर होत्या, एक सिहोर जिल्ह्यातली, दुसरी छिंदवाड्याची. त्यांच्या घरचेही आपल्यासारखेच असणार. बरोबर एक शिक्षिका हवी, कपडे बदलायला आडोसा कुठे आहे हे आधी पाहून ठेवलेलं हवं, पाळी आली तर काय करायचं ते मुलींशी आधी मोकळेपणानं बोललेलं हवं. एवढं केलं की पालक पाठवतात. माझा अनुभव तर असा, की वडिलांपेक्षा आजीच लवकर हो म्हणते.

खर्चाचं फार लिहीत नाही, कारण तो फार नाही. पहिल्या वर्षी दोर लागत नाही, तंबू लागत नाही. चांगल्या तळव्याचे बूट लागतात (ट्रेकिंगचे ते ‘हंटर’ बूट नाहीतर साधे स्पोर्ट्स शूजही चालतात; गुळगुळीत झालेले पांढरे कॅनव्हास मात्र नकोत, काळ्या मातीचा लगदा त्यांना असा चिकटतो की पोर पाय उचलूच शकत नाही), प्रथमोपचाराची पेटी, शिट्ट्या, ओआरएस आणि गटाचा विमा. संचालक मंडळाच्या वार्षिक समारंभातल्या शाली-श्रीफळांचा हिशेब एकदा मांडून पाहावा, त्यात बूट नसलेल्या मुलांचे बूट येतील.

‘अभ्यासाचं काय?’ महिन्यातला एक रविवार. तोही कोचिंगवाल्यांनी टेस्ट ठेवली तर जातो, हे ठाऊक आहे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात दप्तराविना दिवसांची सोय आहे. तो दिवस शाळेच्या हॉलमध्ये रांगोळी-मेहंदीत न घालवता नकाशावाचनाला द्या. भारतीय सर्वेक्षण विभागाचा 1:50,000 चा नकाशा टेबलावर पसरा, त्यातल्या समोच्च रेषा वीस-वीस मीटरवर असतात हे सांगा, आणि जानापाव त्यावर बोटानं शोधायला लावा. जुलै-ऑगस्टमध्ये तसंही धबधब्याकडे जायचं नाही. ते दोन महिने नकाशा, होकायंत्र, गाठी आणि प्रथमोपचाराचे. वेळेचा अंदाज तेव्हाच शिकवावा: सपाटीवर तासाला पाच किलोमीटर आणि दर सहाशे मीटर चढाला एक तास जास्त, हा नेस्मिथ नावाच्या गिर्यारोहकाचा 1892 पासूनचा हिशेब मोठ्यांसाठी. मुलांसाठी त्यात निम्मा वेळ आणखी धरा, आणि कुणाच्या डब्यात पुरणपोळी असेल तर अजून अर्धा तास.

जबाबदारी कुणाची, या प्रश्नाशी प्रत्येक बैठक येऊन थांबते, म्हणून तो मी मुद्दाम शेवटी ठेवला. उद्या एखाद्या मुलाचा हात मोडला तर पालक शाळेच्या दारात येतील, हे खरं आहे. त्याचं उत्तर आधीच लिहून ठेवता येतं. दर आठ मुलांमागे एक मोठं माणूस. जाण्याआधी शिक्षकानं ती वाट स्वतः चालून पाहिलेली. पालकांची सभा घेऊन, धोके तोंडानं सांगून मग सही घेतलेली. वन विभागाची परवानगी, जवळच्या ठाण्याला आणि गावच्या सरपंचांना कळवलेलं. परतायची वेळ ठरलेली, आणि ती झाली की माथा शंभर पावलांवर असला तरी फिरायचं. खडकावर दोरानं चढणं प्रशिक्षित माणूस असल्याशिवाय नाहीच. कुठल्याही शिक्षकाला ‘आज नको’ म्हणता येईल आणि त्याबद्दल मुख्याध्यापक त्याला विचारणार नाहीत, हा ठराव संचालक मंडळानं करून त्याची प्रत शिक्षकाच्या हातात द्यावी. नाहीतर बस ठरली, पैसे भरले, मुलं तयार होऊन आली, या दडपणाखाली माणूस पावसातही निघतो.

एकट्या शाळेला हे जड वाटत असेल तर दोन-तीन संस्था मिळून करा. गणेशोत्सवाला, नाटकाला, संगीत सभेला आपण एकत्र येतोच. रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर इथल्या मुलांचं मिळून एक मंडळ झालं तरी चालेल. दोन-तीन वर्षांत मुलं पचमढीला जातील, राज्यातलं सगळ्यांत उंच धूपगड (1352 मीटर) चढतील. पिपरियापर्यंत तर रेल्वेच आहे. त्यानंतर हवं तर सह्याद्री, म्हणजे पुण्याच्या मावसभावंडांना घेऊन सिंहगड आपली मुलं पुढे होऊन चढवतील.

आपल्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, आणि पुढच्या सत्रासाठी कोणत्या शिक्षकाला कोर्सला पाठवणार ते त्याच बैठकीत ठरवावं. कोर्सचा काळ रजेत न धरता कामावर धरावा. राळामंडळच्या पहिल्या काही रविवारी मागे चालायला माणूस लागेल. त्यासाठी मी आहे, आणि आमच्या ओळखीतले तीन-चार पालकही तयार आहेत.

आपली,
आठवीतल्या मुलीची आई
लोकमान्य नगर, इंदूर